कर्ण्यांच्या सणाची किल्ली

पिंप्राळ्याच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या अक्कांचं नाव मी कधी विचारलं नाही. भरताची वांगी तोलताना त्या वर एक जास्तीचं टाकतात आणि उगाच आभाळाकडे बघतात.

अक्का येशूला मानणाऱ्या. ज्यू लोकांचा कर्णे फुंकायचा सण असतो. त्याच कर्ण्यांच्या आवाजावर येशू परत येईल आणि आपल्या माणसांना वर नेईल, असं त्यांच्या प्रार्थनेत कुणीतरी सांगितलेलं. तो सण बहुतेक आपल्या सर्वपित्री अमावास्येच्या पाठोपाठच येतो. म्हणून अमावास्येची गवार, भोपळा खपला की त्या घराची किल्ली पदराला पुसून माझ्या हातात ठेवायच्या.

"भाऊ, मनी बकरीले पानी पाजज्यात. शेजारना बठ्ठा प्रार्थनावालाच शेतस. तुम्ही ते आठेच राहशात."

मी कुठलाच देव मानत नाही, तरी शेजारपाजारचे सगळे वर जाणार आणि मी तेवढा इथेच राहणार, हे पहिल्यांदा ऐकून मला रागच आला होता. किल्ली मात्र घेतली. सण सरला की त्या खाली मान घालून ती परत न्यायच्या आणि माझ्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी कोंबायच्या.

यंदा अमावास्या आली, पण किल्ली आली नाही. बिचारी वाट बघून थकली असेल, असं मला वाटलं. शेवटी मीच विचारलं, "अक्का, किल्ली?"

त्यांनी वांगी तोलता तोलता सांगितलं, "औंदा तुमनंबी नाव येशूले सांगी ठेयेल शे. मंग बकरीकडे कोन देखी? बकरी इकी टाकी बजारमा."