खोटं पकडणारा काटा

निकेश माझा मित्र आहे. हे लिहितानाही कसंसंच होतं.

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही शेजारी वाढलो. मी मराठी घेऊन एमए झालो, तो आयटीआयला गेला. पुढे मूल गावच्या बाजारात त्याने मोटार दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याच्याकडे वीज मोजायचा, काट्याचा जुना मल्टिमीटर आहे. त्याच्या दोन वायरी दोन हातांत धरल्या, की अंगातून नावापुरता करंट जातो आणि काटा सरकतो. हात कोरडे असतील तर जेमतेम, ओले असतील तर भर्रकन. हे त्याला आयटीआयत पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. त्यातून त्याने एवढंच उचललं, की काटा हलताना माणसं श्वास रोखतात.

मग हा चोर पकडू लागला. कोंबडी गेली, सायकल गेली, बोलवा निकेशभाऊले. मीटर लाल कापडात गुंडाळून, इस्त्रीचा शर्ट घालून तो निघायचा. "खोटं बोललं का काटा पळते," एवढंच त्याचं शास्त्र.

परवा तलावाकाठच्या एका गावात मलाही सोबत नेलं. मच्छीमार सोसायटीचं नवं जाळं हरवलं होतं. शेवटी ते सोसायटीतल्या गोकुळाबाईने वाळत घातलेलं, म्हणून संशय तिच्यावर. चोरीचा शिक्का बसला असता तर तलावात मासे धरायची तिची पाळी गेली असती. घर त्याच पाळीवर चालत होतं.

सोसायटीच्या ओट्यावर सगळे जमले. आधी अध्यक्ष पोचूभाऊंनी वायरी धरल्या. सकाळपासून सावलीत बसलेला माणूस, हात खडखडीत कोरडे. काटा किंचित थरथरला.

"माणूस खरा," निकेशने निकाल दिला.

गोकुळाबाई मासे निवडता निवडता टोपली घेऊनच आली. तिने वायरी धरताच काटा थेट टोकाला गेला.

"पाह्यलं?" निकेश म्हणाला.

"हात ओले हायत ना बाबू."

"पाप लपत नाई, बाई."

मी थक्क झालो. याला सगळं ठाऊक होतं. मी म्हणालो, "अबे, तिले हात तर पुसू दे."

"तू कविता कर."

गोकुळाबाईने टोपलीतला मेलेला रोहू काढून ओट्यावर ठेवला. दोन्ही वायरी त्याच्या अंगाला टेकवल्या. काटा पुन्हा टोकाला.

"हा बी चोर हाय का गा? मंग यालेच इचार, जाळं कुठी हाय."

ओटा हसून हसून दणाणला. पोचूभाऊ डोळे पुसत म्हणाले, "तुही पाळी तुलेच वं गोकुळा. जाळं पाहू धुंडून."

निकेशने मीटर गुंडाळला. परतताना तो गाडी हळूहळू चालवत होता. मला वाटलं, लाजला असेल.

"चुकलंच यार," तो म्हणाला. "पुढच्या टाइमाले टोपली बाहेरच ठेवायले लावतो."

मी गाडी थांबवायला सांगितली. मूल अजून लांब होतं. मी उतरलो आणि चालू लागलो.