बेबीला खिडकीमागे चढवली

हसणार असाल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागे हे सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि खापर फुटलं माझ्या माथी!

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मी राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत. भीमजयंतीच्या मंडपाची रोषणाई दरवर्षी माझ्याकडे, त्यामुळे विजेतलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत. त्याच जोरावर परळच्या एका एवढ्याशा फिल्म स्टुडिओत शिरलो. कॅमेरामन होते अल्बर्टसाहेब, राहणारे ठाकूरद्वारचे. त्यांनी विचारलं, "स्टुडिओत काम केलंयस कधी?"

"दोन वर्षं!" दिलं ठोकून.

अहो, स्टुडिओ आतून कसा दिसतो हेच मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो! पहिले तीन दिवस नुसत्या वायरी ओढल्या. चौथ्या दिवशी मुंबई बंद. ट्राम नाही, बस नाही, एकही लाइटमन फिरकला नाही. मी मात्र चालत हजर. म्हटलं, सदा, आज काहीतरी करून दाखवायचंच!

सेट म्हणजे काय, तर एक खोली, एक खिडकी, एक खाट. आजारी मुलगी खाटेवर झोपलीय आणि खिडकीतून तिच्या अंगावर चांदणं पडलंय, एवढाच शॉट. पण दुसऱ्या दिवशी सेट मोडणार होता, म्हणजे शॉट आजच व्हायला हवा. मुलीचं काम करणारी सात वर्षांची बेबी कुमुद आणि तिची आई शेजारच्याच गल्लीतल्या, म्हणून वेळेवर आलेल्या. बाकी स्टुडिओत मी आणि पंख्याखाली घोरणारा वॉचमन.

तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. अल्बर्टसाहेब!

"सदा, मी आणि डायरेक्टर आत्ता चालत निघतोय. तास-दीड तास लागेल. तोवर चांदणं तयार ठेव. जमेल ना?"

"जमेल म्हणजे काय साहेब!"

"मग ऐक. बेबीला खिडकीच्या मागे उंच फळीवर चढव. तोंड खाली, खाटेकडे. तोंडावर निळा कागद लाव, पुढे जाळी घाल. हलता कामा नये. आणि बघ, ती लवकर तापते. तापली की लगेच बंद कर."

ठेवला फोन. आता तुम्हीच सांगा, दोन वर्षांच्या अनुभवी माणसाने उलट फोन करून शंका विचारायची? शोभलं असतं?

मी डोकं चालवलं. खिडकीच्या मागे, उंच, निळं तोंड... म्हणजे चंद्र! बेबी चंद्र होणार! सिनेमात काय वाटेल ते करतात, आपण कोण विचारणारे?

बेबी तर एका पायावर तयार. "दादा, मी खरंच चंद्र?"

आई भडकली. "माझ्या पोरीच्या तोंडाला कागद? आणि ही वर बसली तर खाटेवर कोण झोपणार? तुमचा वॉचमन?"

मी माघार घेणारा नव्हतो. "बाई, तुम्ही झोपा."

आई पदर सारखा करून हळूच म्हणाली, "मी? बरं... उजवी कूस चांगली दिसेल की डावी?"

झालं! बेबीला शिडीवरून फळीवर बसवली. कानांना दोरा बांधून निळा कागद लावला. जाळी कुठली आणू? कँटीनमधली दुधावरची आणली! पण उजेड काही पडेना. मग आठवलं, चंद्राला स्वतःचा प्रकाश नसतो, त्याच्यावर सूर्याचा पडतो. मास्तरांनी पट्टी मारून शिकवलेलं! समोरचा सगळ्यात मोठा दिवा लावला आणि सोडला थेट बेबीच्या तोंडावर.

शिवाय दर दोन मिनिटांनी शिडी चढून मी तिच्या कपाळाला हात लावत होतो.

"बेबी, तापलीस?"

"नाही हो दादा, घाम आलाय."

खाटेवरून आई ओरडली, "ताप? कुणाला आलाय ताप?"

"तुम्ही बोलू नका! तुम्ही आजारी आहात!"

आणि नेमकं दार उघडलं. चालून चालून घामाघूम झालेले डायरेक्टर आणि अल्बर्टसाहेब. बघतात तर काय, खाटेवर बाई कण्हतायत आणि खिडकीमागून निळं तोंड हाक मारतंय, "काका, मी चंद्र!"

डायरेक्टर मटकन स्टुलावर बसले. साहेबांनी अगदी शांतपणे विचारलं, "सदा, बेबी कुठाय?"

"ही काय साहेब, वर! अजून तापलेली नाही."

त्यांनी माझा हात धरला आणि मला कोपऱ्यात नेलं. तिथे वाटोळ्या तोंडाचा एक छोटा दिवा होता. "ही बेबी. ह्या दिव्याला बेबी म्हणतात. दोन वर्षं तू होतास कुठे?"

"मंडपात, साहेब," माझ्या तोंडून खरं निघून गेलं.

वाटलं, संपलं. आता पुन्हा चाळीचा रस्ता. पण मी आधी बेबीला खाली उतरवलं, मग कुणी न सांगता तो दिवा खांद्यावर टाकला, शिडी चढलो, निळा कागद लावला, साहेबांनी दिलेली, उजेड मऊ करणारी तारेची जाळी घातली आणि बटण दाबलं.

काय सांगू! खिडकीच्या गजांच्या सावल्या खाटेवर उतरल्या आणि भर दुपारी त्या बंद खोलीत चांदणं पडलं. आई तर खाट सोडायलाच तयार नव्हती, "एकदा माझ्यावर घ्या की!" म्हणून बसली. कशीबशी उठवली, शॉट झाला.

निघताना साहेब म्हणाले, "उद्या ये. पण ध्यानात ठेव, इथे माणसाचं नाव ऐकू आलं तरी तो दिवा असू शकतो."

मी हे काळजावर कोरून घेतलं. आठवड्याभराने साहेबांनी वरून हाक मारली, "सदा, गेटवर फिलोमिना आलीय. सांभाळून आत घेऊन ये."

आता मी चुकणार? छे! दोर घेतला, हातगाडी घेतली आणि गेटवर गेलो. तिथे जेवणाचा डबा घेऊन एक जाडजूड बाई मध्येच उभ्या.

"मावशी, जरा सरका. इथे फिलोमिना ठेवलीय, ती बांधून गाडीवर टाकायचीय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं.

"टाक की," त्या म्हणाल्या. "पण आधी माझ्या नवऱ्याला विचारून ये. अल्बर्ट म्हणतात त्याला."