भाताचं शीत

मागच्या वेळी मला श्वास धरवला नाही, म्हणून हृदयाचा एमआरआय फुकट गेला. यावेळी घरी सराव करून कल्याणला गेले. तसं सांगितलं, तर मशीनवाली मुलगी हसली.

"मावशी, ही नवीन मशीन आहे. श्वास नेहमीसारखा घ्या." बाळाला थोपटावं तसा हात हलवून तिने दाखवलं.

डोळे मिटले, तोवर झालंही.

"एवढ्यात सगळं दिसलं?"

"भाताचं एखादंच शीत दाबता ना, मावशी? मशीन तसंच थोडं बघते, बाकीचं हिशोबाने जुळवते."

मी मान हलवली. माझ्या हृदयाचं कुठलं शीत दाबलं, हे विचारायला लाज वाटली.

रिपोर्ट उद्या आहे. शहाडला घरी येऊन भात टाकला. एक शीत दाबलं, मऊ होतं. तरी तळापर्यंत चमचा घालून मी शितं दाबतच राहिले.