फोटोतला शोषखड्डा

कुठल्याही प्लॉटवर पाय ठेवला, की चाचा आधी लोटाभर पाणी जमिनीवर ओतायचे. मालक नारळ हातात घेऊन मुहूर्ताची घाई करत असला, तरी हे उकिडवे बसून पाण्याकडे बघत राहायचे. ते कुठल्या बाजूला पळतं, कुठे रेंगाळतं, कुठे जिरतं. मग गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि म्हणायचे, "हां, आता सांग, काय बांधाचं हाये तुले." अख्ख्या मंगरूळपिरात या म्हाताऱ्या मिस्त्रीला लोटेवाले चाचा म्हणत. या नावातली खोच त्यांना कळत नव्हती असं नाही. पण लोटा काही हातातून सुटला नाही.

मी डिप्लोमा करून गावी आलो तेव्हा माझ्याकडे लेव्हल मोजायचं नवं कोरं यंत्र होतं आणि अंगात त्याहून जास्त मस्ती. पहिल्याच कामावर मी उताराचा आकडा सांगितला. चाचांनी लोटा ओतला. पाणी बरोबर उलट्या दिशेला गेलं. यंत्राचे पाय मी मातीच्या मऊ ढिगावर रोवले होते. चार मजुरांसमोर माझं तोंड उतरलं, तसे चाचा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नकाशा मानसासाठी काहाडतेत, बापू. पानी नकाशा वाचत नाई." त्या दिवसापासून मी त्यांचा बापू झालो, आणि माझं प्रत्येक काम त्यांचं.

त्यांच्या मोहल्ल्याखाली एक मोकळं मैदान होतं. वरच्या गल्ल्यांचा सगळा उतार तिकडे. पावसाचं पाणी तिथे साचायचं, मुरायचं, आणि मैदानाच्या कडेच्या विहिरीला मेपर्यंत पुरायचं. बी-बियाण्यांत पैसा केलेल्या एका शेठजींनी ते मैदान घेतलं आणि व्यापारी संकुलाचं काम मला दिलं. शहराचा नवा हवामान आराखडा आला होता. नव्या संकुलानं आपल्या आवारातलं पाणी आवारातच मुरवायचं, अशी अट होती. "कागदावर पह्यल्यांदाच अकलेची गोष्ट आली!" म्हणत चाचांनी सगळ्यात खालच्या कोपऱ्यात शोषखड्डा खणायला घेतला. मोठे दगड, वर खडी, वर वाळू, एकेक थर स्वतः बसून लावला. फोटो काढायचा म्हटल्यावर घरी जाऊन धुतलेली टोपी घालून आले आणि खड्ड्याशेजारी नवरदेवासारखे ताठ उभे राहिले.

फोटो झाला आणि शेठजींना दुचाकींसाठी पार्किंग हवं झालं. "खड्डा राहू द्या ना, वरून फक्त झाका," ते म्हणाले. मी झाकला. सहा इंची काँक्रीट टाकलं, गच्चीचा पाइप रस्त्याच्या गटारात सोडला, नगरपालिकेच्या फाइलला फोटो लावला आणि अट पाळल्याची खाली सही ठोकली. कोणाचा दाब नव्हता, मान माझीच हलली. फोटो तर इतका झकास आला होता, की पुढच्या तीन संकुलांच्या फायलींनाही मी तोच लावला. हे चाचांना कळलं तेव्हा आधी ते पोट धरून हसले. "म्हंजे मी एकाच टायमाले चार जागी उभा हाओ? पीरच झालो म्हन की!" मग हसू विरलं. म्हणाले, "बापू, फोटो पानी पेत नाई रे."

पुढच्या वर्षी विहिरीचा तळ फेब्रुवारीतच दिसू लागला. त्याच्या पुढच्या वर्षी जानेवारीत. मोहल्ल्यातल्या बायका टँकरच्या रांगेत भांडू लागल्या, आणि त्या रांगेत दुखरे गुडघे घेऊन चाचाही. दर शुक्रवारी नमाज झाली, की ते पिशवीत छिन्नी-हातोडा घेऊन माझ्या ऑफिसात यायचे. "खोलू का, बापू? मजुरी नाई घेत मी." मी म्हणायचो, शेठजी बाहेरगावी आहेत. दिवाळी होऊ द्या. गाळे विकले जाऊ द्या. एकदा तर त्यांना येताना पाहून मी मागच्या दारानं सटकलो. पोऱ्यानं ठेवलेला चहा गार होईस्तोवर ते बाकावर बसून होते. याची मला आजही लाज वाटते.

यंदा मार्चमध्ये शेठजींचा फोन आला, "तुमच्या म्हाताऱ्याले आवरा." गेलो तर चाचा भर दुपारी पार्किंगमध्ये मांडी घालून काँक्रीट फोडत होते. हाताची सालपटं निघाली होती, आणि टवका निघाला होता तळहाताएवढा. भोवती गाळेवाले जमले होते, कोणी पोलिसांचं नाव काढत होतं. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, मी मदतीला आलो. मी त्यांच्या हातातला हातोडा काढून घेतला. त्यांनी तो सोडलाही लगेच. एवढंच म्हणाले, "काहून रे, बापू?" त्यानंतर ते ऑफिसात आले नाहीत.

मे महिन्यात चाचा गेले. मी पोचलो तर त्यांची सून दारात उभी होती. "भाईसाब, अब्बाच्या गुसलले पानी नाई घरात." माणसाची अखेरची आंघोळ, आणि जन्मभर पाण्याची वाट शोधत फिरलेल्या माणसाला ती विकतच्या पाण्यानं घालायची होती. मीच टँकर बोलावला. पाइप धरून बादल्या भरल्या आणि पडद्यापर्यंत नेऊन दिल्या. आत त्यांची माणसं होती, मी बाहेर. थोड्या वेळानं पडद्याखालून पाणी आलं. माझी नजर आपोआप त्याच्यामागे गेली आणि नजरेमागे मी, सवयच त्यांनी लावलेली. ते गल्लीच्या उतारानं निघालं, वळणावर जरा रेंगाळलं, संकुलाच्या आवारात शिरलं आणि बरोबर त्या कोपऱ्यात गेलं. त्या तळहाताएवढ्या खळग्यात येऊन थांबलं. खाली त्यांनी लावलेले दगड, खडी, वाळू, सगळं आहे. मला ठाऊक आहे. पाणी उन्हानं आटेपर्यंत मी तिथे उभा होतो.

त्या चारही फायलींतला फोटो खोटा आहे, असा अर्ज मी लिहून ठेवलाय. दिला, तर माझं लायसन जाईल आणि कदाचित ते काँक्रीट फुटेल. अर्ज टेबलाच्या खणात आहे. चाचांचा हातोडाही तिथेच आहे. रोज खण उघडतो आणि लावून टाकतो. मृगाला पंधरा दिवस राहिलेत.