दीप्तीची खिमट आणि बापाचा सदरा

दीप्तीला सहा महिने पुरे झाले तेव्हा बुद्धरत्नने घरात जाहीर केलं की लेकीचं वरचं खाणं आता तो बघणार. आम्रपालीची रजा संपली होती. तिची पोलादपूरला सकाळची शाळा, आणि हा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत, दुपारच्या पाळीला. रोज रसायनं तपासणाऱ्याला मूठभर नाचणी काय जड, असं त्याला वाटलं. असं त्याला बऱ्याच गोष्टींबद्दल वाटायचं.

त्याने नाचणी भिजवली, मोड आणले, गच्चीवर वाळवून दळली, वस्त्रगाळ केली. पण घशात अडकेल या भीतीने शिजवताना तो पाणी वाढवत गेला. दीप्ती ते गटागट प्यायची आणि बाप खूश. महिन्याने वजन केलं तर काटा जवळपास होता तिथेच. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा याने अभिमानाने पाण्याचं माप सांगितलं.

"याने पोट भरेल, अंग भरणार नाही," त्या म्हणाल्या. चमचा कलता केला तरी ओघळू नये इतकं घट्ट हवं, अंगावरचं दूध चालू ठेवून डाळ, भाजी, अंडं, थोडं तूप असं एकेक सुरू करा, मीठ-साखर नको, असंही त्यांनी समजावलं. द्रावणं पातळ की दाट हे ठरवण्याचाच आपण पगार घेतो, हे आठवून बुद्धरत्नला घरी येईपर्यंत स्वतःचंच हसू येत होतं.

मग गडी इरेला पेटला. तांदूळ, मूगडाळ, तांबडा भोपळा यांची घट्ट खिमट दीप्तीला मानवली. पुढे त्यात बीट आलं. त्या दिवशी कामाचा पांढरा सदरा चढवूनच तो भरवायला बसला. दीप्तीने तोंड भरून घास घेतला आणि फुर्र केलं. तेवढ्यात आम्रपाली घरात शिरली, बाहेर कंपनीच्या बसने हॉर्न दिला, आणि हा तसाच धावला.

बसमध्ये शेजारची जागा रिकामीच राहिली. गेटवर सुरक्षा विभागाच्या सुहासने लाल सदरा पाहिला मात्र, दंड धरून त्याला सरळ अंगावर सांडलेलं रसायन धुवायच्या तातडीच्या फवाऱ्याखाली उभं केलं. बुद्धरत्नला बोलायला सवड मिळाली तेव्हा तो नखशिखांत भिजला होता.

"बीट आहे," तो म्हणाला. "मुलीने उडवलं."

सुहास त्याच्याकडे बघतच राहिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बुद्धरत्नने पुढे सांगितलं, "तूपही होतं त्यात."

पाळी संपेपर्यंत ही बातमी कँटीनच्या आचाऱ्यापर्यंत गेली होती.

पुढच्या वेळी दीप्तीचं वजन चांगलं भरलं. बुद्धरत्नने श्रेय लगेच खिशात घातलं. आपल्याला पाहताच पोर तोंड उघडते, असं तो म्हणाला.

"केरसुणी पाहूनही उघडते," आम्रपाली म्हणाली.

तेही त्याने मान्य केलं, आणि वाटीत उरलेली खिमट स्वतःच चाटूनपुसून संपवली.