आजींच्या गळ्यातली रोमन देवी

मुलाचं लग्न जुळवायला गेलेल्या बापाने काय काय करू नये, हे ऐकायचं असेल तर बसा इथे. मी ते सगळं एका दुपारी, चहा गार व्हायच्या आत करून दाखवलंय.

झालं असं, आमच्या समीरने बोईसरजवळच्या दांडी गावची मुलगी पसंत केली. दर्शना. दोघं बोईसरला एकाच कारखान्यात. आम्ही मूळचे सांगलीकडचे, ते पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरचे. पण मुलगी गुणी, घर चांगलं, नुसती बोलणी व्हायची होती. निघताना बायकोने बजावलं, "तिथे नाण्यांचा विषय काढायचा नाही."

मला जुन्या नाण्यांचं वेड आहे. नाणी नाहीत हो, ती कुणाला परवडतात, नुसतं वेड. त्यातही रोमन सोन्याची. लढाई जिंकली की तिथला बादशहा नाणं पाडायचा. एका बाजूला स्वतःचं डोकं, दुसऱ्या बाजूला पंखवाली विजयदेवी.

दर्शनाच्या आजींना नमस्कार करायला वाकलो, तर त्यांच्या सोन्याच्या माळेत, बरोबर मधोमध, एक नाणं आणि त्यावर ती देवी. पंखांसकट. आता तुम्हीच सांगा, गप्प बसवेल? पूर्वी सोपाऱ्याच्या बंदरात रोमशी व्यापार चालायचा. आणि सोपारं इथून असं कितीसं लांब? माझं डोकंच फिरलं.

"आजी, हे कुणाचं?"

"माजंच हाय."

"अस्सल सोनं असणार."

दर्शनाच्या वडिलांचा चेहरा जरा बदलला. बायकोने माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, सरकायला सांगतेय. मी सरकलो, आजींच्या बाजूला.

"वजन केलंय कधी?"

"नाय."

"करायला हवं. आणि पुढे हे कुणाकडे जाणार? दर्शनाकडेच ना?" मला काळजी एवढीच, की कुणी ते वितळवू नये. "माझं ऐका, आमच्या घरी हे नीट राहील."

दर्शनाच्या वडिलांनी माझ्यासमोरची तळलेल्या बोंबलांची बशी उचलून बाजूला ठेवली.

"पावनं," ते म्हणाले, "पोरीला काय द्यायचं ते आमी आमच्या खुशीनं देऊ. म्हातारीच्या गळ्यावर डोळा ठेवणाऱ्या घरात आमाला पोर द्यायची नाय."

दर्शना उठून आत गेली. समीर माझ्याकडे असा बघत होता, की मला त्याच्याबरोबर घरी जायची भीती वाटायला लागली.

"अहो, मला सोनं नकोय," मी कळवळून म्हणालो. "मला फक्त मागे बादशहा आहे का ते बघायचंय."

एवढ्याने गैरसमज मिटेल असं मला का वाटलं, देव जाणे. मग मी घाईघाईने सगळा रोमन इतिहास ओतला. लढाया, शत्रूची दाणादाण, विजयाची नाणी. आजींनी तो शेवटपर्यंत ऐकला, गळ्यातली माळ काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"बघा तुमचा बादशा."

चष्मा पुसून मी नाणं उलटं केलं. मागे चक्क मराठीत कोरलेलं होतं, 'शिडाच्या होड्यांची शर्यत. उत्तेजनार्थ बक्षीस.'

"आमच्या म्हाताऱ्याला मिळालेला बिल्ला," आजी म्हणाल्या. "पितळेचा हाय, वर सोन्याचं पानी. जन्मात एवडंच काय ते जिंकला, म्हनून मी माळेत ओवला."

आतून दर्शनाच्या हसण्याचा आवाज आला. तिच्या वडिलांनी बशी परत माझ्यासमोर सरकवली, पण ते बघत होते आजींकडे. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच होता.

आजींनी माळ गळ्यात घातली. आधी समीरला न्याहाळलं, मग मला, जरा जास्त वेळ.

"पोरगा पयल्या नंबरचा हाय," त्या म्हणाल्या. "देऊन टाकू पोर. सासरा उत्तेजनार्थ म्हनून घेऊ."