ओको वुबेनाची सहा मुलं

"मेलेल्या माणसाचा भांग त्याने स्वतःच पाडून ठेवलेला असतो, आपण तो फक्त शोधायचा," असं गेश्के ट्याडेन एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती शेजारच्या टोम्माला. टोम्मा तेव्हा नवी सून होती, पाण्याचं घमेलं धरून उभी होती. गेश्केने ओल्या केसांतून कंगवा फिरवला, केस आपोआप दोन बाजूंना पडले, आणि पलंगावरचं ते अनोळखी झालेलं तोंड पुन्हा ओळखीचं झालं. टोम्मा रडायला लागली. गेश्के म्हणाली, "रड, पण घमेलं सांभाळ."

समुद्रापलीकडच्या त्या सखल, ओल्या मुलखातून ही माणसं आयोवात आली, तेव्हा चहाची किटली आणि बायबल यांच्याबरोबर शेजारधर्मही घेऊन आली होती. घरात माणूस गेलं की घरच्यांनी कशाला हात लावायचा नाही. शेजाऱ्याने धुवायचं, कपडे घालायचे, घड्याळ थांबवायचं आणि घरोघर जाऊन सांगायचं. इथे गेश्केची आई हे सगळ्यांसाठी करायची. आई गेली तेव्हा, नियम बाजूला ठेवून, गेश्केने तिलाच धुतलं आणि काम तिच्याकडे आलं. पुढे नवरा उब्बो मळणीयंत्राच्या पट्ट्यात सापडला, त्यालाही तिनेच धुतलं. त्याचा भांग सापडला नाही, एवढंच ती सांगायची. मूलबाळ नव्हतं. वयाने लहान असलेले सगळे तिला गेश्केमोई म्हणत, सख्खी मावशी असल्यासारखे, आणि रस्त्यात ती भेटली की तब्येत चांगली असल्याचं न विचारता सांगत.

तरुणपणी चार वर्षं ती काउंटीच्या मुख्य गावी एका डॉक्टराच्या घरी कामाला होती, त्यामुळे तिला इंग्रजी येत असे. म्हणून पेपरात कळवायचं कामही तिचंच. पेपर दर आठवड्याला निघे. शेवटच्या पानावर मेलेल्यांसाठी जागा असे आणि तिथे प्रत्येक आयुष्य ठरलेल्या क्रमाने जाई: जन्म कुठला, समुद्र कधी ओलांडला, लग्न कुणाशी, मागे मुलं किती, आधी गेलेली किती. दोन दिवस जगलेलं बाळसुद्धा मोजलं जाई. घटसर्पाच्या हिवाळ्यात एका घरातली चार पोरं एका आठवड्यात गेली, तीही चारही मोजली होती. लोक तो तुकडा कापून बायबलात ठेवत. गावाला इतिहास असा दुसरा नव्हताच.

मार्चमध्ये, एका बुधवारी पहाटे, ओको वुबेना मेला. वय एकाहत्तर, पोटात गाठ. शेवटचे तीन आठवडे तो भिंतीकडे तोंड करून पडून होता.

गेश्के पोचली तेव्हा थोरला मुलगा हार्म दारात होता. शवपेटी आणायला त्याने गाडी जोडली होती.

"मोई, पेपरात पाच मुलं सांग," तो म्हणाला.

"सहा आहेत."

"बापाने शेवटचं काय सांगितलंय ते मला माहीत आहे. पाच."

"तुझ्या बापाला आता काही सांगता येत नाही."

"म्हणून तर मी सांगतोय." तो गाडीत चढला. "आणि त्याची दाढी नीट कर. बरेच दिवस कुणाला हात लावू देत नव्हता."

सहावी म्हणजे थेडा. खरं तर ती पहिली, हार्मच्याही आधीची. अकरा वर्षांपूर्वी तिने रेल्वेवरच्या डॉयल नावाच्या एका आयरिश कॅथलिक माणसाशी लग्न केलं, तेव्हा ओकोने बायबलातल्या कुटुंबाच्या पानावर तिच्या नावावर शाई ओतली. नुसती रेघ मारली नाही, ओतली. मागची दोन पानं चिकटून गेली. त्या दिवसापासून त्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. तिची आई आंट्येनेही नाही.

आंट्येला लिहिता-वाचता येत नसे. दोन वर्षांपूर्वी गेश्के तिला पेपर वाचून दाखवत होती, आणि वर्गणी भरणाऱ्यांच्या यादीत एक नाव आलं: सौ. डॉयल, डाकोटा. पोरगी तिकडे बसून गावचा पेपर वाचत होती. मग गेश्केने स्वतःच्या नावाने पत्र टाकलं आणि उत्तरही आलं. थेडाने लिहिलं होतं, "ते असेपर्यंत नाही. ते गेले की तुमच्या पेपरात मुलं मोजतील. त्यात मला मोजलं तर मी आईला भेटायला येईन. नाही मोजलं, तर मी त्या घरची नाही. मग मला पुन्हा पत्र लिहू नका." आंट्येने ते पत्र चार वेळा वाचून घेतलं आणि चुलीत घातलं. हार्म सगळे खण उघडून बघत असे.

आंट्येचे पाय वर्षभर सुजलेले होते. पुढचा हिवाळा ती बघेल असं डॉक्टरलाही वाटत नव्हतं.

आता ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून होती. गेश्केने ओकोची दाढी केली, हनुवटी बांधली.

"गेश्के."

"हं."

"सहा सांग."

"हार्म तुला या घरात सुखाने राहू देईल?"

"या घरात सुखाने कोण राहिलंय गं?" आंट्ये म्हणाली. "तुला कधी काही मागितलं नाही मी. सहा सांग."

पेपराचं पान बुधवारी दहा वाजता छपाईसाठी बांधत. रस्त्यात घोड्याच्या गुडघ्याएवढा चिखल होता आणि काउंटीचं गाव चौदा मैलांवर. गेश्के आपल्या घरी आली, शाल न काढता भिंतीवरच्या टेलिफोनपाशी उभी राहिली. साडेनऊ झाले होते.

त्या तारेवर अकरा घरं होती. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी गुपचूप कान लावायचा, हे सगळेच करत, आणि गुपचूप असं त्यात काही राहिलेलं नव्हतं. अडचण एकच होती. जेवढे कान जास्त, तेवढा आवाज बारीक. तारेतला जीव वाटला जाई. तीन-चार घरांनी उचललं तर ओरडावं लागे, दहांनी उचललं तर काउंटीच्या गावापर्यंत काही पोचतच नसे, आपसात मात्र सगळं ऐकू येई.

पेपरातला माणूस तारेवर आला. गेश्केने नाव सांगितलं, जन्म सांगितला. खट. कुणीतरी उचलला. खट, खट.

"वय सेव्हंटी—"

"एकाहत्तर!" म्हातारा झीबेल्ट मधेच ओरडला. "आमचा बाप्तिस्मा एका दिवशी झालाय!"

"झीबेल्ट, मी एकाहत्तरच म्हणणार होते. खाली ठेव."

"मी एकटा आहे होय? टोम्माही आहे."

"मी कुठे? मी आत्ताच उचललाय!" टोम्मा म्हणाली.

"बाई, तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय," पेपरातला माणूस म्हणाला. "लवकर करा."

गेश्के ओरडून सांगत होती, एकेक नाव दोनदा, अक्षर अक्षर. हार्म. आयलर्ट. मेनो. इमका. स्वांटा. पाच नावांना पंधरा मिनिटं लागली. मग ती थांबली.

"अजून एक आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

एवढं इंग्रजी सगळ्यांना कळत होतं. खट. खट. खट. आणि अजून एक खट. गेश्केला वाटलं आपण एका मोठ्या, भरलेल्या खोलीत उभ्या आहोत आणि दिवा कुणीतरी वरून हळूहळू बारीक करतंय.

"हॅलो?" पेपरातला माणूस म्हणत होता. "हॅलो? बाई, आहात का?"

"ऐका," गेश्के आपल्या भाषेत म्हणाली. "सगळ्यांनी खाली ठेवा. पाया पडते. एकच नाव आहे, ते तिकडे पोचू द्या. नंतर माझ्या घरी या, मी दहा वेळा सांगेन. टोम्मा, तुझी सासू मी धुतली आहे. झीबेल्ट, तुझी दोन्ही पोरं. ठेवा खाली."

कुणी ठेवला नाही. त्यात वाकडेपणा नव्हता, हे गेश्केलाही कळत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने ठेवावा.

"थेडा!" ती ओरडली. "टी, एच, ई, डी, ए! डॉयल! डाकोटा!"

अकराही घरांत ते नाव गेलं.

"हॅलो? काही येत नाही," फार लांबून तो माणूस म्हणाला. "पाच मुलं. ठीक आहे, पान बांधतोय आम्ही." आणि तिकडून तार तुटली.

मग मात्र सगळे एकेक करून खाली ठेवायला लागले. हळूच, झोपलेल्या घरात पाऊल टाकल्यासारखे.

संध्याकाळी हार्म तिच्या दारात आला. आत आला नाही.

"चार मैलांत मला सहा जणांनी सांगितलं," तो म्हणाला. "भर तारेवर ओरडलीस म्हणे."

"ओरडले."

"छापून आलं तर बघ."

"येणार नाही. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती छापतात, हार्म. पण घरच्या कर्त्याची सही लागते. तू दे."

तो हसला नाही. "पेपरात आभाराचं निवेदन द्यायचंय, त्यावर सही करणार आहे मी. पाचही जण करणार आहोत. आणि यापुढे आमच्या घरी कुणी गेलं तर धुवायला गावातला शवपेटीवाला येईल. तुला त्रास नको."

शुक्रवारी पेपर आला. गेश्केने तो उभ्यानेच वाचला, घडी घातली आणि शेतातून वुबेनांच्या घरी गेली. घरात आंट्ये एकटीच होती. बाहेरच्या खोलीत पेटी बंद होती, शनिवारी पुरायचं होतं. आंट्येने दोन कप मांडले, खडीसाखर घातली, चहा ओतला. साखर तडकल्याचा बारीक आवाज झाला.

"वाच," ती म्हणाली.

गेश्केला वाटेत वाटलं होतं की सहा वाचावीत. कोण बघणार होतं? पण डाकोटात तोच कागद उघडला जाणार होता, आणि ही म्हातारी खिडकीशी बसून वाट बघत राहिली असती. तिने छापलं होतं तसंच वाचलं. जन्म, जहाज, लग्न, आधी गेलेली दोन बाळं. मागे पत्नी आणि पाच मुलं.

आंट्येने मान हलवली, हिशेब बरोबर असल्यासारखी.

"तू सांगितलंस, मला माहीत आहे."

"सांगितलं. पोचलं नाही. कुणी खाली ठेवलाच नाही, आंट्ये. दहा घरं, अन् एकानेही नाही. मी पाया पडले त्यांच्या."

"मीही उचलला होता," आंट्ये म्हणाली.

गेश्केचा हात कपावर तसाच राहिला.

"तू ठेवा म्हणालीस तेव्हा मी ठेवणारच होते," आंट्ये म्हणाली. ती गेश्केकडे बघत नव्हती, चहाकडे बघत होती. "पण तोवर तू नाव घेतलं नव्हतंस ना. अकरा वर्षं झाली गं. इथे कुणी घेत नाही. मला एकदा ऐकायचं होतं, कुणाच्या तरी तोंडून, मोठ्याने." तिने कप थोडा फिरवला. "चांगलं घेतलंस तू. स्पष्ट. तिकडे ऐकू गेलं नाही म्हणतेस, मला तर वाटलं, केवढं मोठ्याने म्हणाली."

बाहेर गोठ्यात दुधाच्या बादल्या वाजत होत्या. आंट्येने सायीचं भांडं पुढे सरकवलं. गेश्केने पेपर टेबलावर ठेवला, त्याची घडी अंगठ्याने एकदा दाबून सपाट केली. मग उठून शाल घेतली, ओकोच्या पेटीशेजारून गेली आणि दार ओढून चिखलात उतरली.